चित्रातला मळा आणि वर्गणीची पेटी



व्याख्यानाच्या विषयात ‘वर्गणी’ हा शब्द दिसला की श्रोत्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. पैसे काढण्यासाठी नव्हे, तर ते जागच्या जागी आहेत ना हे चाचपून पाहण्यासाठी! तेव्हा आरंभीच अभय देऊन ठेवतो की आज या मंडपात पावतीपुस्तक फिरणार नाही. आम्हांला आपल्याकडून पैसा नको आहे, तासभर लक्ष हवे आहे.

इंग्लंड-अमेरिकेतील लहान लहान गावांत अलीकडे एक प्रघात चांगलाच रुळला आहे. गावाजवळची, सर्वांच्या जिव्हाळ्याची अशी एखादी शेतवाडी निवडावयाची. मालकाची परवानगी घेऊन ठरलेल्या दिवशी गावातील आणि आसपासचे चित्रकार तेथे जमतात. कोणी गोठ्यासमोर ईझल मांडतो, कोणी विहिरीपाशी बसतो, कोणी बांधावरून दूरची टेकडी न्याहाळतो. दिवस मावळतीला लागला की ओल्या रंगांची ती चित्रे तेथेच, बहुधा गवताच्या कोठारात, ओळीने मांडली जातात आणि गावकरी ती विकत घेतात. आलेल्या पैशाचा ठरलेला हिस्सा गावच्या कलाशाळेला, चित्रदालनाला अथवा मुलांच्या चित्रकलेच्या वर्गाला मिळतो.

कल्पना साधी आहे, आणि ऐकताक्षणी गोड वाटते. परंतु कोणतीही गोष्ट ऐकताक्षणी गोड वाटली म्हणजे तिला दोन-तीन प्रश्न विचारावेत, अशी या व्याख्यानमालेची परंपरा आहे. आम्हीही तीन प्रश्न विचारणार आहोत. या व्यवहारात चित्रकार काय देतो? विकत घेणारा काय नेतो? आणि ज्याच्या शेतात हा सारा समारंभ होतो, त्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आयोजकांच्या पत्रकात असतात. तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही, आणि आमच्या मते सारी गोम तेथेच आहे.

तत्पूर्वी एक लहानशी गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रकार शेतात जाऊन तैलरंगात चित्र काढतो हे आज आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते. पण ही सोय फार जुनी नाही. पूर्वी तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. पिशवीला टोचून रंग काढावयाचा आणि भोक बुजवावयाचे, अशी ती यातायात होती. सन १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग बाहेर काढता येईल अशा धातूच्या नळीचे पेटंट घेतले. दात घासावयाच्या पेस्टची नळी आपण रोज पिळतो, तिची ही थोरली बहीण. या नळीमुळे चित्रकाराचे दुकान झोळीत मावू लागले, आणि शहरातल्या चित्रशाळेत बसून आठवणीने झाडे रंगविणारा माणूस प्रत्यक्ष झाडाखाली येऊन बसला. झाडाखाली बसला की झाडाच्या मालकाशी गाठ पडणे ओघानेच आले. म्हणजे चित्रकार आणि शेतकरी यांचा हा नवा शेजार घडविण्यात एका नळीचाही वाटा आहे.

आता या शेजाराची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण अमेरिकेतील कनेटिकट राज्याचे. जूलियन ऑल्डन वीर नावाचे एक चित्रकार होते. नाव वीर, पण हाती शस्त्र कुंचल्याचे. इर्विन डेव्हिस या चित्रसंग्राहकाला वीरांजवळचे एक चित्र फार आवडले होते. सन १८८२ मध्ये त्याने वीरांपुढे सौदा मांडला: ते चित्र आणि वर दहा डॉलर द्या, आणि ब्रँचव्हिल येथील माझी १५३ एकरांची शेतवाडी घ्या. वीरांनी सौदा मान्य केला! एका चित्राच्या मोलाने दीडशे एकर जमीन मिळाल्याची हकीकत ऐकून येथील काही तरुण उद्यापासून रंग खरेदी करतील, म्हणून सांगून ठेवतो की असे डेव्हिस प्रत्येक तालुक्यात आढळत नाहीत.

वीर सन १९१९ मध्ये वारले. तोपर्यंत जवळजवळ सदतीस वर्षे ती वाडी त्यांच्या चित्रांचा विषय होती. दगडी बांध, बैल, दोरीवर वाळत घातलेले कपडे, असल्या साध्या गोष्टी त्यांनी रंगविल्या. चाइल्ड हॅसम, जॉन ट्वॉक्टमन यांच्यासारखे मित्र तेथे येऊन राहत व चित्रे काढीत. एका चित्राला बोस्टन येथे अडीच हजार डॉलरांचे बक्षीस मिळाले, तेव्हा वीरांनी त्या पैशातून शेतात तळे बांधले. शेताने चित्र दिले, चित्राने पैसा दिला, आणि पैसा पाणी होऊन परत शेतातच मुरला. आपल्याकडे ‘पैसा पाण्यासारखा गेला’ असे म्हणतात ते दुःखाने. येथे तो खरोखरच पाण्यात गेला आणि सत्कारणी लागला.

पुढे त्या भागात घरांच्या वसाहती वाढू लागल्या आणि वाडीच्या जमिनीचे तुकडे पडू लागले. वीरांची मुलगी, तेथे राहणारे एक चित्रकार दांपत्य आणि स्थानिक नागरिक यांनी अनेक वर्षे खटपट केली, आणि सन १९९० मध्ये अमेरिकन सरकारने ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली. १५३ एकरांपैकी साठ-सत्तर एकर राखले गेले. तेथे येणाऱ्या पाहुण्यांना रंग आणि कागद हाती देऊन चित्र काढावयास बसविण्याची सोयही करण्यात आली. या उदाहरणात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की चित्रकारच मालक झाला. उत्तर चांगले आहे, परंतु सर्वांना परवडणारे नव्हे.

दुसरे उदाहरण एका स्त्रीचे आहे. बिअट्रिक्स पॉटर हे नाव येथील पुष्कळ पालकांना ठाऊक असेल, निदान त्यांच्या मुलांना तरी असेल. पीटर नावाच्या खोडकर सशाची त्यांची सचित्र गोष्ट सन १९०२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि घरोघर गेली. पुस्तकांच्या मिळकतीची भर घालून बाईंनी सन १९०५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात ‘हिल टॉप’ नावाची लहानशी शेतवाडी विकत घेतली. त्यांच्या पुढच्या कित्येक गोष्टींतील चित्रे पाहा: तेच घर, तेच फाटक, तीच भाजीची वाफी. सन १९०८ मधील जेमायमा बदकिणीच्या पुस्तकात तर वाडी सांभाळणाऱ्या कॅननची बायको आणि मुलेही चित्रात आली आहेत, आणि पुस्तक त्या मुलांनाच अर्पण केलेले आहे. ज्यांच्या अंगणात बसून चित्रे काढली त्यांची आठवण ठेवण्याची ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते.

पण आमच्या आजच्या विषयाशी थेट संबंध आहे तो सन १९२७ मधील एका लहानशा घटनेचा. विंडरमियर सरोवराच्या काठी, नावेच्या धक्क्याजवळ, कॉकशॉट पॉइंट म्हणून कुरण आणि झाडी असलेली एक पट्टी आहे. ती जागा घरबांधणीसाठी जाईल अशी भीती निर्माण झाली. ती विकत घेऊन राखावयाची तर निधी हवा. पॉटरबाई तेव्हा साठीला पोहोचलेल्या होत्या आणि त्यांची दृष्टीही पूर्वीसारखी राहिली नव्हती. त्यांनी पीटर सशाच्या गोष्टीतील चित्रे पुन्हा आपल्या हाताने काढली, प्रत्येकावर सही केली, आणि अशी पन्नास चित्रे अमेरिकेतील बोस्टन येथील ‘हॉर्न बुक’ या बालसाहित्याच्या नियतकालिकाकडे पाठविली. दर चित्राला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. पन्नास चित्रांचे हिशेबाने साडेबावन्न पौंड होतात.

रक्कम मोठी नव्हे. परंतु व्यवहाराची मांडणी पाहा. बाई श्रीमंत होत्या. मनात आणते तर एक धनादेश लिहून मोकळ्या होत्या. अमेरिकेतील ज्या वाचकांनी ते सरोवर कधी पाहिले नव्हते त्यांना दानाची नुसती विनंतीही करता आली असती. तसे न करता त्यांनी मोबदल्यात आपल्या हाताची मेहनत पुढे ठेवली. देणाऱ्याला याचकापुढे उभे राहिल्याचा संकोच नाही, घेणाऱ्याला उपकाराचे ओझे नाही. कॉकशॉट पॉइंटची ती पट्टी आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे आणि तेथे कोणालाही फिरावयास जाता येते.

पॉटरबाईंनी नुसती चित्रे काढली नाहीत. त्या शेतकरी झाल्या. हर्डविक जातीच्या डोंगरी मेंढ्यांच्या त्या नामांकित पैदासकार होत्या. सन १९४३ मध्ये त्या वारल्या तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि डझनाहून अधिक शेतवाड्या त्यांनी नॅशनल ट्रस्टला ठेवल्या, आणि डोंगरावरच्या वाड्यांवर हर्डविक मेंढ्याच राहाव्यात असेही सांगून ठेवले. नुसते दृश्य राखून भागत नाही. ते दृश्य ज्या कामामुळे निर्माण होते ते काम राखावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. मेंढ्या गेल्या की कुरण जाते, कुरण गेले की चित्र जाते.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील चॅड्स फोर्ड या खेड्याचे. अँड्र्यू वायथ हे चित्रकार सन १९१७ मध्ये तेथे जन्मले आणि सन २००९ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कार्ल कर्नर नावाच्या जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्याची वाडी होती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढलेला हा माणूस. वायथ मुलगा असताना त्या वाडीत जाऊ लागला, तो सत्तर वर्षांहून अधिक काळ जात राहिला. ना त्याने ती वाडी विकत घेतली, ना तो शेतकरी झाला. तो शेजारीच राहिला.

या वाडीची त्याची चित्रे सुंदर आहेत, पण गोडगुलाबी नाहीत. सन १९४८ मध्ये त्याने कर्नरचे व्यक्तिचित्र काढले, ते माळ्याच्या खोलीत. वर छताला मांस टांगावयाचे लोखंडी आकडे दिसतात. ‘ब्राउन स्विस’ हे सन १९५७ मधील चित्र वाडीतल्या गाईंच्या जातीच्या नावाने ओळखले जाते, पण चित्रात गाय एकही नाही. ओसाड वाटणारा उतार, घर आणि तळ्यात पडलेले घराचे प्रतिबिंब एवढेच आहे. त्याच वाडीजवळच्या रेल्वेफाटकावर सन १९४५ मध्ये वायथचे वडील, तेही नामवंत चित्रकार, गाडीच्या अपघातात मरण पावले. मागच्या टेकडीचे हिवाळी चित्र त्यानंतरचे आहे. म्हणजे ज्या मातीत बापाला मरण आले तीच माती हा माणूस पुढे साठ वर्षे रंगवीत राहिला. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान असेच कोटितीर्थाच्या काठावर पुनःपुन्हा जाऊन बसत. एका जागेला आयुष्य वाहिल्याखेरीज तिची ओळख पटत नाही, असा हा पंथ आहे.

या खेड्यात सन १९६७ मध्ये एक प्रसंग आला. ब्रँडीवाइन ओढ्याच्या पूरक्षेत्रातील कुरणांवर कारखानदारी येणार असे दिसू लागले. तेव्हा काही रहिवाशांनी, त्यांत जॉर्ज वेमथ हे चित्रकार अग्रभागी होते, ती जमीन विकत घेतली आणि एक संस्था स्थापन केली. जमिनीचे रक्षण आणि चित्रांचे रक्षण हे एकच काम आहे, असे मानणारी ही संस्था. एकोणिसाव्या शतकातील एक जुनी पिठाची गिरणी दुरुस्त करून तिने सन १९७१ मध्ये चित्रसंग्रहालय उघडले. आजवर तिने साठ हजारांहून अधिक एकर जमीन राखली आहे. एवढी जमीन काही विकत घेतलेली नाही. बहुतेक ठिकाणी जमीन शेतकऱ्याचीच राहते. त्याने फक्त तीवर वसाहत वा कारखाना न उभारण्याचे कायमचे बंधन कायदेशीर करार करून स्वीकारावयाचे, आणि त्या बदल्यात करात सवलत, तर कधी मोबदलाही मिळवावयाचा. नांगर त्याचा, पीक त्याचे, घर त्याचे. सन १९९९ मध्ये कर्नर कुटुंबाने आपली वाडीही या संस्थेकडे सोपविली, आणि आज ती लोकांना पाहता येते.

तीन उदाहरणे झाली. वीर मालक झाले, पॉटरबाई शेतकरी झाल्या, वायथ शेजारी राहिला. आता आरंभी सांगितलेल्या त्या एका दिवसाच्या समारंभाकडे परत वळू. तेथे येणारा चित्रकार या तिघांपैकी कोणीच नसतो. तो पाहुणा असतो. सकाळी येतो, संध्याकाळी जातो. त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, त्याने खरे चित्र काढावे. पाहुण्याला यजमानाच्या घरातले चांगलेच तेवढे दिसते, हा शिष्टाचार झाला. पण चित्रकाराने तो पाळला की घात होतो. उकिरडा गाळला, विजेचा खांब गाळला, ट्रॅक्टर झाडाआड ढकलला, पत्र्याच्या जागी कौले घातली, की उरते ते शेत नव्हे, भिंतीवरचे कॅलेंडर. शहरातला गिऱ्हाईक असले चित्र घेऊन जातो आणि शेती म्हणजे केवढे सुख असे मनात धरून बसतो. मग तोच गृहस्थ दुधाचा भाव दोन पैशांनी वाढला की रागावतो. चित्राने त्याला आनंद दिला, समज दिली नाही.

दुसरी गोष्ट घेणाऱ्याची. सत्कार्यासाठी म्हणून कीव करून घेतलेले चित्र घरी गेल्यावर माळ्यावर पडते. ती वर्गणी झाली, खरेदी नव्हे. आणि अशा वर्गणीचा कंटाळा दुसऱ्याच वर्षी येतो. चित्र आवडले तर घ्यावे, न आवडले तर निधीच्या पेटीत निराळे पैसे टाकावेत. दोन गोष्टींची गल्लत केली की चित्रकाराला आपण बरे काढतो की वाईट हे कधीच कळत नाही, आणि ज्या कलेच्या भल्यासाठी हा खटाटोप चालला आहे तिचेच नुकसान होते.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याची. त्या दिवशी त्याच्या बांधावरून शंभर माणसे चालतात, त्याची गुरे बुजतात, त्याचे एका दिवसाचे काम बुडते. सायंकाळी त्याच्याच शेताची चित्रे विकून पैसा जमतो तो दुसऱ्या एका संस्थेसाठी. त्याला मिळतात टाळ्या आणि एक पुष्पगुच्छ. पुष्पगुच्छ बहुधा शहरातून विकत आणलेला! शिवाय आणखी एक अडचण आहे, ती उघड बोलली पाहिजे. एखाद्या जागेची चित्रे गाजली की तेथे बंगले बांधणाऱ्यांचे लक्ष जाते. जमिनीचे भाव चढतात आणि शेती करणाऱ्याला शेजारचा तुकडा घेणे अशक्य होते. चित्राने शेताची कीर्ती केली, आणि कीर्तीने शेत खाल्ले, असेही घडू शकते. चॅड्स फोर्डच्या लोकांनी संग्रहालय आणि जमिनीचे रक्षण एकाच संस्थेकडे ठेवले, यातील शहाणपण येथे ध्यानात येते.

म्हणून आमचे म्हणणे असे की अशा समारंभात शेतकऱ्याचा वाटा आरंभीच ठरला पाहिजे. तो पैशाच्या रूपाने असो, विहिरीच्या दुरुस्तीच्या रूपाने असो, की सर्वांत चांगले एक चित्र त्याच्या ओटीवर लागण्याच्या रूपाने असो. पण काय हवे हे त्याला विचारून ठरावे. आणि चित्रकलेच्या वर्गात मोफत बसावयाचा पहिला मान त्याच्या मुलांचा असावा.

कोणी म्हणेल, हे परदेशचे चोचले आपल्याला कशाला? लोकांनी थोडे थोडे देऊन मोठे काम उभारावे ही गोष्ट आपण काही बोस्टनहून शिकलेलो नाही. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला दर माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून सन १९०८ मध्ये तळेगावचा काचकारखाना निघाला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सन १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला काय किंवा तिच्या वळणावर गावोगावी निघालेल्या व्याख्यानमाला काय, लोकांच्याच आधाराने चालत आल्या. पॉटरबाईंची गिनी आणि काळ्यांचा पैसा ही एकाच जातीची नाणी आहेत. फरक एवढाच की गिनी देणाऱ्याच्या हाती एक चित्र पडले.

या शहराच्या वेशीबाहेर अजून मळे आहेत. त्यांतील एखादा असा असेल की ज्याच्या विहिरीत आपल्यापैकी निम्मे लोक पोहावयास शिकले, ज्याच्या चिंचा आपण न विचारता पाडल्या. शहर वाढते आहे आणि दर वर्षी एखाद्या मळ्याभोवती तारेचे कुंपण पडून मोजणीच्या खुणा उभ्या राहतात. तो मळा कायमचा राखणे आपल्या हाती असेल किंवा नसेल. परंतु त्याच्या मालकाला भेटून, त्याचे काय म्हणणे आहे ते ऐकून, पेरणीच्या आणि काढणीच्या घाईचे दिवस टाळून, एक दिवस तेथे रंग घेऊन बसणे आपल्या हाती खात्रीने आहे. येथील शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, उत्साही मुले आहेत, आणि त्या मुलांना बसावयाला जागा आणि रंगवावयाला कागद नाही हेही आपण जाणता.

या कामाचा आरंभ सभेचा ठराव करून होणार नाही. कोणीतरी दोघांनी येत्या रविवारी सकाळी उठून त्या मळ्यात जावे, मालकाला रामराम करावा आणि विचारावे. तो नाही म्हणाला तर चहा पिऊन परत यावे. हो म्हणाला तर त्याचा वाटा काय, हे त्याच बैठकीत कागदावर लिहून घ्यावे, आणि मग बाकीचे बोलावे.